एका देशावर फिर्याद



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला. जपानी लष्करानं बायकांचे काय हाल केले ते मी सांगत होते. कोपऱ्यात बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "मेले ते जपानी लोकच वाईट." त्यांच्या शेजारची तरणी सून लगेच म्हणाली, "आत्या, अख्ख्या देशाला कशाला वाईट म्हणायचं? ज्यानं केलं त्याला धरा." तेवढ्यात तिसरी बोलली, "ज्यानं केलं तो शिपाई. त्याला पाठवलं कुणी?"

मी गप्पच झाले. कारण याच प्रश्नांवर टोकियो शहरात एकदा न्यायालय बसलं होतं, आणि ते बायकांनीच बसवलं होतं. आज त्या न्यायालयाची हकिगत सांगते. लहान मुलं जवळ असतील तर त्यांना जरा बाहेर खेळायला पाठवा, विषय तसा आहे.

जपाननं १९३१ साली चीनचा मांचुरिया प्रांत घेतला. १९३७ पासून चीनशी उघड युद्ध सुरू झालं आणि १९४१ च्या डिसेंबरनंतर जपानी फौजा फिलिपिन्स, मलाया, इंडोनेशिया, ब्रह्मदेश अशा पसरत गेल्या. सैन्य जिथे जाई तिथे सैनिकांसाठी बायकांची ठाणी उघडली जात. पहिलं ठाणं १९३२ साली शांघायमध्ये निघालं. या ठाण्यांत कोरियाच्या मुली होत्या, कारण कोरिया तेव्हा जपानची वसाहत होता. चीन, तैवान, फिलिपिन्स, इंडोनेशियाच्या होत्या, काही डच बायका होत्या, खुद्द जपानच्याही होत्या. कुणाला कारखान्यात काम देतो म्हणून नेलं, कुणाला दवाखान्यात नोकरी देतो म्हणून. कुणाला गरिबीपायी घरच्यांनीच दलालाच्या हाती दिलं, तर कुणाला सैनिकांनी रस्त्यातून उचललं. अंदमान बेटं १९४२ ते १९४५ जपानच्या ताब्यात होती, तिथेही अशी ठाणी होती. एकूण बायका किती, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. कुणी वीस हजार म्हणतात, कुणी दोन लाख, कुणी त्याहूनही जास्त.

लष्कराच्या भाषेत या बायकांना दिलेल्या नावाचा अर्थ होतो 'समाधान देणाऱ्या बायका'. समाधान कुणाचं, हे विचारायला तेव्हा कुणी नव्हतं. मी ते नाव आज वापरणार नाही.

१९४५ साली जपान हरला. जिंकलेल्या देशांनी टोकियोत मोठा खटला चालवला. अकरा देशांचे अकरा न्यायाधीश, सगळे पुरुष. आरोपी अठ्ठावीस, त्यात माजी पंतप्रधान, मंत्री, सेनापती. १९४६ च्या मे महिन्यात काम सुरू झालं आणि १९४८ च्या नोव्हेंबरात निकाल लागला. सात जणांना फाशी झाली. या ठाण्यांची गोष्ट त्या खटल्यात अगदीच आली नाही असं नाही. चीनमधल्या क्वेलिन गावी कारखान्यात काम देण्याच्या बहाण्यानं बायका गोळा करून त्यांना सैनिकांपुढे ढकललं, असं निकालपत्रातच लिहिलेलं आहे. म्हणजे न्यायाधीशांना माहीत होतं. पण या ठाण्यांतल्या एकाही बाईला साक्षीला बोलावलं नाही. आणि ज्याच्या नावानं ते सैन्य लढलं, त्या सम्राट हिरोहितोला आरोपीच केलं नाही. जपानचा कारभार शांतपणे चालवायला अमेरिकेला तो गादीवर हवा होता.

त्या अकरा न्यायाधीशांत एक आपल्याकडचे होते, बंगालचे राधाबिनोद पाल. त्यांनी एकट्यानं बाराशेहून जास्त पानांचं वेगळं निकालपत्र लिहिलं आणि सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवलं. ऐकून राग येतो ना? मलाही पहिल्यांदा आला होता. पण त्यांचं म्हणणं नीट ऐकायला हवं. ते म्हणाले, दुसऱ्या देशावर चढाई करणं हा माणसाला फाशी द्यावी असा गुन्हा आहे, असा कायदा ती चढाई झाली तेव्हा नव्हता. मग आधी घडलेल्या गोष्टीला नंतर केलेला कायदा कसा लावता? आणि जिंकलेल्यानंच न्यायाधीश व्हायचं, स्वतःच्या बाँबचा हिशेब द्यायचा नाही, तर त्याला न्याय कसं म्हणायचं? पण त्याच निकालपत्रात त्यांनी हेही लिहिलं आहे की नानकिंग शहरात जपानी सैन्यानं जे केलं त्याचा पुरावा भरभक्कम आहे. तेव्हा 'पालसाहेबांनी जपानला निर्दोष सोडलं' असं जे आजही सांगतात, ते अर्धंच सांगतात. समोरच्या आरोपींवर गुन्हा शाबीत झाला नाही, असं ते म्हणाले. तसं काही घडलंच नाही, असं ते कधी म्हणाले नाहीत. पाल यांचा पहिला प्रश्न तुम्ही लक्षात ठेवा, कारण बायकांच्या न्यायालयालाही त्याचं उत्तर द्यावं लागलं.

त्यानंतर चाळीस वर्षांवर काळ गेला. बायका घरी परतल्या, ज्या परतल्या त्या. कुणी लग्न केलं नाही, कुणाला मूल झालं नाही. कुणी नवऱ्यालाही सांगितलं नाही. अब्रूचं भय काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

१९९० साली जपानच्या संसदेत हा प्रश्न निघाला, तेव्हा सरकारनं उत्तर दिलं की हा सगळा खासगी धंदेवाल्यांचा कारभार होता. हे ऐकून कोरियातली एक बाई संतापली. तिचं नाव किम हाक-सुन. सतरा वर्षांची असताना तिला चीनमधल्या ठाण्यात कोंडलं होतं. १९९१ च्या १४ ऑगस्टला वार्ताहरांपुढे येऊन तिनं स्वतःच्या नावानं, तोंड न लपवता सगळं सांगितलं. तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती. डिसेंबरात तिनं टोकियोला जाऊन जपान सरकारवर दावाही लावला.

आता इथे जरा थांबूया, कारण खटला उभा कसा राहतो ते यातून कळतं. बाईनं सांगितलं, ही झाली साक्ष. सरकार म्हणालं, ठाणी खासगी होती. म्हणजे बाई खोटं बोलते असं म्हणायचीही त्याला गरज नव्हती. ती खरं बोलत असली तरी ते आमचं काम नव्हतं, एवढं म्हटलं की देश सुटला. साक्षीतून 'काय घडलं' ते कळतं. 'कुणाच्या हुकमानं घडलं' हे त्या कोंडलेल्या मुलीला कसं ठाऊक असणार? त्यासाठी कागद लागतो.

तो कागद एका जपानी माणसानं शोधला. योशिमी योशिआकी नावाचे इतिहासाचे प्राध्यापक संरक्षण खात्याच्या ग्रंथालयात जाऊन बसले आणि त्यांना लष्कराची जुनी कागदपत्रं सापडली. त्यात १९३८ च्या मार्चमधला युद्धखात्याचा एक हुकूम होता. बायका गोळा करणारी माणसं नीट निवडा, स्थानिक पोलिसांशी मिळून काम करा, लष्कराची अब्रू जाईल असं काही होऊ देऊ नका, अशा अर्थाचा. लष्कराची अब्रू, बरं का! १९९२ च्या जानेवारीत ही कागदपत्रं वर्तमानपत्रात छापून आली आणि त्याच महिन्यात जपानच्या पंतप्रधानांना माफी मागावी लागली. १९९३ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं मान्य केलं की ठाणी उभारण्यात आणि चालवण्यात लष्कराचा हात होता आणि पुष्कळ बायकांना त्यांच्या मर्जीविरुद्ध आणलं होतं.

तुम्ही म्हणाल, मग झालं की. पण चूक मान्य करणं निराळं आणि कायद्यानं देणं लागणं निराळं. बांध कोरल्याचं मान्य करून जमीन परत न देणारे शेजारी आपल्याला माहीत आहेत. जपानच्या न्यायालयांत एकामागून एक दावे पडले. कारणं काय? वीस वर्षांची मुदत टळली. जुन्या राजवटीत सरकारवर दावा लावताच येत नव्हता. १९६५ साली जपान आणि दक्षिण कोरियाचा करार होऊन सगळे हिशेब मिटले आहेत. फक्त १९९८ साली शिमोनोसेकीच्या न्यायालयानं तीन कोरियन बायकांना प्रत्येकी तीन लाख येन द्यायला सांगितलं. वरच्या न्यायालयानं तो निकालही २००१ साली फिरवला.

खरं न्यायालय दार उघडत नाही म्हटल्यावर मात्सुई यायोरी या जपानी पत्रकार बाईनं १९९८ साली एक कल्पना मांडली, की आपणच न्यायालय भरवू. मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की फिर्याद जपान देशावर होती आणि ती उभी करायला पुढे झाल्या त्यात जपानच्याच बायका होत्या. आमच्या आजींना मी हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं होय?" आणि तंबाखूची पिशवी सोडत बसल्या.

२००० सालच्या ८ डिसेंबरला टोकियोत हे न्यायालय बसलं. ज्या सभागृहात बसलं ते एकेकाळी जुन्या सैनिकांसाठी बांधलेलं होतं. साठाहून जास्त बायका, सगळ्या सत्तरी-ऐंशीच्या, वेगवेगळ्या देशांतून आल्या. उत्तर आणि दक्षिण कोरियाची सरकारं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण इथे दोन्हीकडच्यांनी मिळून एकच आरोपपत्र दिलं. न्यायाधीश नावाजलेले होते. अध्यक्ष अमेरिकेच्या गॅब्रिएल कर्क मॅक्डोनाल्ड, ज्या आधी युगोस्लाव्हियाच्या युद्धगुन्ह्यांच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या प्रमुख होत्या. सोबत अर्जेंटिनाच्या कारमेन आर्खिबाय, इंग्लंडच्या क्रिस्तीन चिंकिन आणि केनियाचे विली मुटुंगा. आपले माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवतीही बसणार होते, पण आजारपणामुळे येऊ शकले नाहीत.

जपान सरकारला बोलावणं पाठवलं होतं. कुणी आलं नाही. आरोपी गैरहजर म्हणून त्याची बाजूच ऐकायची नाही, असं केलं असतं तर ती नुसती सभा झाली असती. म्हणून तीन जपानी वकिलांनी उभं राहून सरकारनं काय म्हटलं असतं ते मांडलं. मुदत, करार, जुना कायदा, सगळे मुद्दे आले. माझ्या मते यानंच त्या निकालाला वजन आलं. तरी एक उणेपण राहिलंच. आपल्या बचावासाठी आपण स्वतः लढणं आणि दुसऱ्यानं आपल्या वतीनं मुद्दे वाचून दाखवणं, यात फरक असतो. पण तो वाटा जपान सरकारनं आपण होऊन सोडला होता.

मग बायका बोलल्या. कागदपत्रं आली, इतिहासकार आले. दोन म्हातारे जपानी सैनिकही आले आणि त्यांनी चीनमध्ये स्वतः काय केलं ते सांगितलं. साक्षीदार म्हणून हे दोघे फार मोलाचे, कारण स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेण्यात त्यांना कसला फायदा होता?

न्यायाधीशांपुढे पहिला प्रश्न आला तो पालसाहेबांचाच. तेव्हा कायदा कुठे होता? त्यांनी ठरवलं की आजचा कायदा मागे ओढायचा नाही, त्या काळचाच लावायचा. आणि तो होता. १९०७ च्या हेग करारानं ताब्यातल्या मुलखातल्या कुटुंबाच्या अब्रूला धक्का लावायला सैन्याला बंदी केली होती. कुटुंबाची अब्रू म्हणे, बाईचं शरीर नव्हे! पण बंदी होती. १९२१ चा बायकांच्या व्यापाराविरुद्धचा करार जपाननं मान्य केला होता, मात्र सही करताना कोरिया, तैवान या वसाहती हुशारीनं त्यातून वगळल्या होत्या. १९३० चा वेठबिगारीविरुद्धचा करार जपाननं १९३२ साली मान्य केला, त्यानुसार बायकांना सक्तीच्या कामाला लावताच येत नव्हतं. १९३२, म्हणजे ज्या साली शांघायला पहिलं ठाणं निघालं तेच साल. आणि माणसाला गुलाम करणं हा गुन्हा तर त्याच्याही कितीतरी आधीपासून मानला गेला होता.

दुसरा मुद्दा मर्जीचा. काही बायकांना पैसे मिळत, मग जबरदस्ती कशी? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९७२ साली आपल्याच विदर्भात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयानं आरोपी पोलिसांना सोडलं, कारण अंगावर जखमा नाहीत म्हणजे तिची संमती होती. त्यावर देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. टोकियोच्या न्यायाधीशांनी असं पाहिलं की ती बाई तिथून निघून जाऊ शकत होती का? नाही म्हणू शकत होती का? दाराशी पहारा आणि 'नाही'ला मार असेल तर हातावर चार नाणी ठेवली म्हणून गुलामी संपत नाही.

तिसरा प्रश्न आमच्या त्या तिसऱ्या बाईचा होता, पाठवलं कुणी. इथे न्यायालयानं दोन निरनिराळे हिशेब मांडले. एक माणसांचा. सम्राट आणि मोठे अधिकारी यांनी हातानं काही केलं नसेल, पण इतकी वर्षं, इतक्या देशांत चाललेली गोष्ट त्यांना माहीत होती किंवा माहीत असायला हवी होती. थांबवायचा अधिकार हातात असून थांबवली नाही, म्हणून दोष. दुसरा हिशेब राज्याचा. देशाला तुरुंगात घालता येत नाही. पण राज्य नावाची संस्था पिढ्या बदलल्या तरी तीच राहते. जुन्या सरकारचं कर्ज नवं सरकार फेडतं, तशी ही जबाबदारीही चालत येते. यात जपानच्या शेतकऱ्याला, शाळेतल्या मुलीला कुणी गुन्हेगार म्हटलं नाही. राज्यानं करायचं काय, तर चूक पूर्ण कबूल करणं, माफी, भरपाई, कागदपत्रं खुली करणं आणि शाळेच्या पुस्तकात खरं लिहिणं.

आणि करार? दोन सरकारांनी हिशेब मिटवला म्हणता, पण त्या टेबलाशी या बायकांच्या वतीनं कुणी बसलं होतं का? करार करणारे पुरुष होते, बायकांचं दुःख त्यांनी मोजलंच नव्हतं. जे मोजलं नाही ते मिटलं कसं, असं न्यायाधीशांनी विचारलं. भावांनी सही करून बहिणीचा हिस्सा परस्पर सोडून दिला, तर तो सुटतो का? मला हा सगळ्या निकालातला सगळ्यात पटलेला भाग.

१२ डिसेंबरला प्राथमिक निकाल वाचला गेला. हिरोहितो दोषी, जपानचं राज्य जबाबदार. पूर्ण निकाल पुढच्या वर्षी ४ डिसेंबरला हेग शहरात दिला. तो दोनशेहून जास्त पानांचा आहे. हिरोहितो १९८९ सालीच मेला होता. किम हाक-सुनही नव्हती, ती १९९७ साली गेली.

या न्यायालयाच्या हाती पोलीस नव्हते, तुरुंग नव्हता, जप्तीचा अधिकार नव्हता. एक येनसुद्धा वसूल झाला नाही. जपानच्या सार्वजनिक दूरदर्शननं यावर कार्यक्रम केला, पण तो दाखवण्याआधी त्यातून निकालाचा भागच कापून टाकला. मात्सुईबाई २००२ साली वारल्या. त्यांनी मागे ठेवलेल्या पैशांतून टोकियोत या बायकांचं छोटं संग्रहालय उभं राहिलं, तिथे कागदपत्रं आणि साक्षी जपून ठेवल्या आहेत.

खरी न्यायालयंही पुढे हलली. २०२१ च्या जानेवारीत सोलच्या न्यायालयानं बारा बायकांना प्रत्येकी दहा कोटी वॉन द्या असा हुकूम जपानला केला. तीनच महिन्यांनी त्याच न्यायालयानं दुसऱ्या दाव्यात उलट निकाल दिला, की एका देशाच्या न्यायालयानं दुसऱ्या देशाला आरोपी करता येत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात वरच्या न्यायालयानं तो फिरवला आणि बायकांच्या बाजूनं कौल दिला. जपाननं अपीलही केलं नाही, कारण हे न्यायालयच त्याला मान्य नाही.

सोलमध्ये जपानी वकिलातीसमोर १९९२ च्या जानेवारीपासून दर बुधवारी बायका जमतात. सुरुवातीला त्या म्हाताऱ्या स्वतः येऊन बसायच्या. आता त्यातल्या फार थोड्या उरल्या आहेत, म्हणून त्यांच्याऐवजी शाळा-कॉलेजच्या मुली येतात. २०११ साली तिथे एका अनवाणी मुलीचा पुतळा बसवला. तिच्या शेजारी एक खुर्ची रिकामी ठेवली आहे.

बरं, मैत्रिणींनो, आजची वेळ संपली. आमच्या आजींनी विचारलेला एक प्रश्न राहिला आहे, की हे झालं जपानचं, पण ज्यांनी बाँब टाकला त्यांच्यावर फिर्याद कुणी केली का? त्याबद्दल पुढच्या भागात बोलू. नमस्कार.